उपचार संपले, रिपोर्ट चांगले, तरी मन का खचते?

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहे.

‘माझे वय ४६. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्तन काढावा लागला, नंतर आठ केमो आणि पंधरा रेडिएशन झाले. उपचार संपून वर्ष होत आले, रिपोर्ट चांगले आहेत, कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी चालू आहे. उपचार चालू असताना मी एकदाही रडले नाही. सगळे म्हणायचे, काय धीराची बाई आहे! आता मात्र पहाटे तीनला अंगातून वाफा निघून जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. कशातच मन लागत नाही, पतसंस्थेत बेरजा चुकतात, हळदीकुंकवाला आणि लग्नकार्याला जाणे सोडले आहे. मिस्टर स्वभावाने चांगले आहेत, पण आमच्यात बोलणेच उरलेले नाही; ते बाहेरच्या खोलीत झोपतात. सासूबाई म्हणतात, फार विचार करायचीस म्हणून हे दुखणे ओढवून घेतलेस, आता तरी मन आनंदी ठेव, नाही तर परत येईल. कधी कधी वाटते, रात्री झोपावे आणि सकाळी जाग येऊच नये. या गोळीनेच असे होत असावे म्हणून गेले काही दिवस मी ती अधूनमधून घेतच नाही; घरात कोणाला सांगितलेले नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जावे तर गावात बोभाटा होईल, आणि कॅन्सरच्या गोळीवर आणखी डोक्याच्या गोळ्या कशा चालतील? मुलगी एकोणीस वर्षांची आहे, तिच्या काळजीने जीव थाऱ्यावर राहत नाही. देवाने जीव वाचवला तरी मला आनंद होत नाही. मी कृतघ्न आहे का?’

ताई, तुम्ही पुष्कळ प्रश्न विचारले आहेत, पण त्यांतल्या एका वाक्याकडे मी आधी वळते, कारण तुम्ही ते जाता जाता लिहिले असले तरी माझ्या दृष्टीने तेच सर्वांत तातडीचे आहे. ‘सकाळी जाग येऊच नये’ असे वाटणे आणि स्वतःचे काही बरेवाईट करून घेण्याचा विचार करणे, यांत अंतर आहे. पहिली भावना मोठ्या आजारातून गेलेल्या कितीतरी जणींच्या मनात येऊन जाते आणि ती आल्याने कोणी पापी ठरत नाही. मात्र हे अंतर कायम तेवढेच राहील असे गृहीत धरून चालत नाही. म्हणून ही गोष्ट आजच घरातल्या एका तरी माणसाला शब्दांत सांगा. मिस्टरांना सांगणे जड जात असेल तर बहिणीला सांगा, मैत्रिणीला सांगा, पण सांगा. हा विचार कधी ‘कसे’ आणि ‘केव्हा’ या दिशेने जाऊ लागला, तर त्या क्षणी एकट्या राहू नका आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ हा असून तो विनाशुल्क आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीतून बोलता येते. पहाटे तीन वाजता घरातल्यांना उठवायचा संकोच वाटत असेल, तर हा फोन त्याच वेळेसाठी आहे. या सदरातले उत्तर छापून यायला वेळ लागतो, म्हणून इतर वाचकांनाही सांगते की अशा प्रसंगी पत्र लिहून वाट पाहत बसू नये.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही कृतघ्न नाही. तुम्ही जे लिहिले आहे, म्हणजे कशातच रस न वाटणे, झोप मोडणे, कामातले लक्ष उडणे, माणसे टाळणे आणि जगण्याचा कंटाळा, ही सारी नैराश्य या आजाराची ओळखीची लक्षणे आहेत. पत्रावरून निदान करता येत नाही आणि तसे मी करणारही नाही. परंतु तपासणी करून घ्यावी एवढा संशय घ्यायला तुमचे पत्र पुरेसे आहे. सर्वसाधारणपणे अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस टिकली, तर डॉक्टर ती गांभीर्याने घेतात. कर्करोगाच्या रुग्णांत एक अडचण अशी असते की थकवा, भूक मंदावणे, झोप न लागणे हे केमोनंतरही होते आणि नैराश्यातही होते, त्यामुळे ‘उपचारांचा अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू’ असे म्हणून घरचेच काय, कधी कधी डॉक्टरही ते सोडून देतात. अशा वेळी आम्ही शरीराच्या लक्षणांपेक्षा मनाच्या लक्षणांकडे अधिक लक्ष देतो. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीतही गोडी न वाटणे, आपण निरुपयोगी आहोत किंवा घरावर ओझे आहोत असे वाटणे, विनाकारण अपराधी वाटणे आणि पुढे काहीच न दिसणे, या गोष्टी निव्वळ अशक्तपणाने होत नाहीत. ‘मी कृतघ्न आहे का’ हा प्रश्नच मला त्या अपराधीपणाचा एक भाग वाटतो.

हे उपचार चालू असताना झाले नाही आणि सगळे संपल्यावर झाले, याचे तुम्हांला नवल वाटते आहे. यात विचित्र काहीच नाही. उपचारांच्या काळात तुमच्या दिवसांना एक वेळापत्रक होते. पुढची केमो कधी, रक्ताचा रिपोर्ट कसा आला, पांढऱ्या पेशी किती, शहरात राहायची सोय कोणाकडे, डबा कोण आणणार, एवढ्या व्यवधानात मनाला थांबून पाहायला सवडच नव्हती. सोबत माणसे होती, विचारपूस होती, डॉक्टर आणि नर्स दर काही दिवसांनी भेटत होत्या. शेवटचे रेडिएशन झाले आणि हे सारे एकाच दिवशी थांबले. लोकांच्या लेखी तुम्ही सुटलात. तुमच्या लेखी मात्र जे झाले त्याचा विचार करायला पहिल्यांदाच वेळ मिळाला, आणि त्याच वेळी ऐकायला कोणी उरले नाही. लंडनमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग झालेल्या २२२ स्त्रियांचा पाच वर्षे पाठपुरावा केलेला एक अभ्यास २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या जणींना नैराश्य, चिंताविकार किंवा दोन्ही होते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी हे प्रमाण २५ टक्के आणि पाचव्या वर्षी १५ टक्के होते. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला आकड्यांहून महत्त्वाची वाटते. ज्या स्त्रियांना मनातले मोकळेपणाने सांगता येईल असे जवळचे माणूस नव्हते, त्यांचे नैराश्य अधिक काळ रेंगाळले. तुमच्या पत्रात माणसांची उणीव नाही; घर भरलेले आहे, पण सांगण्याजोगे माणूस तुम्हांला त्यांत दिसत नाही, आणि त्याचे एक कारण ‘धीराची बाई’ हे तुम्हांला मिळालेले प्रशस्तिपत्र आहे. एकदा ते मिळाले की रडायची सोय राहत नाही.

मनाबरोबर शरीराची कारणेही पाहायला हवीत. केमोमुळे तुमची मासिक पाळी बहुधा अचानक थांबली असणार. जो बदल एरवी काही वर्षांत सावकाश होतो तो काही महिन्यांत झाला, की अंगातून वाफा निघणे, घाम, झोपमोड आणि चिडचिड हे सारे एकदम अंगावर येते. याखेरीज थायरॉइडची कमतरता, रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव या गोष्टी नैराश्यासारखी लक्षणे निर्माण करतात, आणि त्या साध्या रक्ततपासणीत कळतात. बेरजा चुकणे, नाव न आठवणे हेही केमोनंतर अनेकींना जाणवते; बहुतेकींत ते काही महिन्यांत ओसरते, परंतु झोप आणि मनःस्थिती बिघडलेली असेल तर ते लांबते. पतसंस्थेत तूर्त पैशाच्या नोंदी दुसऱ्या कोणाकडून एकदा तपासून घ्यायची व्यवस्था करून घ्या. नोकरी सोडायचा विचार मनात असल्यास तो मात्र आता करू नका. नैराश्यात घेतलेल्या मोठ्या निर्णयांचा पुढे पस्तावा होतो.

सासूबाईंचे म्हणणे जरा सविस्तर घेते, कारण ते फक्त त्यांचे नाही. तेच वाक्य थोड्याफार फरकाने तुम्हांला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी ऐकवले असेल. विचार केल्याने किंवा ताण घेतल्याने स्तनाचा कर्करोग होतो, असे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. ब्रिटनमध्ये १ लाख ६ हजार स्त्रियांच्या पाहणीत, त्यांनी सांगितलेला मानसिक ताण, जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा घटस्फोटासारखे प्रसंग आणि पुढे झालेला स्तनाचा कर्करोग यांचा सातत्याने संबंध आढळला नाही. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाल्याचा जागतिक कर्करोग नोंदणीचा अंदाज आहे, आणि भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. त्यांत काळजी करणाऱ्या होत्या, तशाच खळखळून हसणाऱ्याही होत्या. तुम्ही हे दुखणे ओढवून घेतलेले नाही.

‘आनंदी राहा, नाही तर परत येईल’ या दुसऱ्या अर्ध्या वाक्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड स्पीगल यांनी, आजार शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ज्या स्त्रिया दर आठवड्याला गटात एकत्र बसून मनातले बोलत, त्या इतरींपेक्षा सरासरी जवळजवळ दुप्पट काळ जगल्या असे त्यात दिसले. ही बातमी जगभर पसरली आणि ‘मनाने कर्करोग हरवता येतो’ या समजाला जणू शास्त्राचा शिक्का मिळाला. पुढे कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला गेला. २००१ मध्ये त्याचा निष्कर्ष आला की आयुर्मान वाढले नाही, मात्र गटात येणाऱ्या स्त्रियांची मनःस्थिती सुधारली आणि त्यांना वेदना कमी जाणवल्या, विशेषतः ज्या आधीपासून अधिक त्रासात होत्या त्यांना. स्पीगल यांनी स्वतः पुन्हा केलेल्या अभ्यासातही आयुर्मानाचा एकंदर फायदा दिसला नाही. पहिली बातमी सर्वांना पाठ आहे, दुसरी कोणाला ठाऊक नाही, आणि या अज्ञानाची किंमत तुमच्यासारख्या स्त्रिया मोजतात. मानसिक आधाराने माणूस बरे जगते, हे खरे आहे आणि तेवढे कारण पुरेसे आहे. परंतु रडल्याने गाठ परत येत नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात १९७७ मध्ये कर्करुग्णांसाठी मानसोपचार सेवा उभारणाऱ्या डॉ. जिमी हॉलंड यांनी, रुग्णांवर सदा आशावादी राहण्याची जी सक्ती केली जाते तिच्यावर स्पष्ट टीका केली होती. माझे मतही तेच आहे. आजारी बाईला आधीच औषधे, दगदग आणि खर्च यांचा भार असतो. त्यावर हसतमुख राहण्याचे कर्तव्य कशाला लादायचे? सासूबाई हे दुष्टपणाने म्हणत नसतील. त्यांनाही भीती वाटते, आणि कारण सापडले की भीती थोडी आवरते, म्हणून त्या कारण शोधतात. त्यांच्याशी वाद घालू नका. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि हा प्रश्न डॉक्टरांना त्यांनाच विचारू द्या.

आनंदी राहिल्याने आजार परत येणे टळत नाही, परंतु गोळी घेतल्याने ते टळण्याची शक्यता खरोखर वाढते, आणि तुमच्या पत्रातली माझी दुसरी मोठी काळजी हीच आहे. ज्या गाठीची वाढ संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) अवलंबून असते, तिच्यात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढच्या पंधरा वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे हजारो स्त्रियांवरील चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. केमोइतकाच हा उपचार मोलाचा आहे; तो घरच्या डबीतून रोज मुकाट्याने घ्यायचा असतो म्हणून किरकोळ वाटतो, इतकेच. नैराश्यात असलेल्या स्त्रिया हीच गोळी टाळू लागतात, हे आम्हांला वारंवार दिसते. म्हणून एरवी ‘दुःखाने आजार परत येत नाही’ असे ठामपणे सांगणारी मी, दुःखावर उपचार केलेच पाहिजेत असेही तितक्याच ठामपणे सांगते.

गोळीनेच मन खचले असेल का, ही शंका वाजवी आहे. अमेरिका आणि कॅनडात तेरा हजारांहून अधिक निरोगी पण अधिक जोखीम असलेल्या स्त्रियांवर टॅमॉक्सिफेनची मोठी चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली होती; दोन्ही गटांत नैराश्याचे प्रमाण सारखेच निघाले. तरीही एखादीला या गोळीने वाफांचा त्रास वाढून झोप मोडते आणि झोपेमागून मन बिघडते, हे नाकारता येत नाही. हा त्रास डॉक्टरांना सांगितला तर गोळीची वेळ बदलणे, वाफांवर वेगळे औषध देणे, क्वचित दुसरी गोळी देणे असे मार्ग निघतात. न सांगता सोडली तर डॉक्टर समजतात की गोळी चालू आहे, आणि तुम्हांला मात्र संरक्षण नसते. आज रात्रीपासून ती पुन्हा नेमाने घ्या. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका. किती दिवस चुकले ते कागदावर लिहा आणि कर्करोगतज्ज्ञांना न लाजता दाखवा; हे ऐकण्याची त्यांना सवय असते.

कॅन्सरच्या गोळीबरोबर मनाची औषधे कशी चालतील, हा तुमचा प्रश्न फार नेमका आहे. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर यकृतातील एका विशिष्ट विकरामुळे (एन्झाइममुळे) तिचे अधिक प्रभावी रूपात रूपांतर होते. नैराश्यावरची काही औषधे, मुख्यतः पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन, हेच विकर रोखून धरतात, त्यामुळे टॅमॉक्सिफेनबरोबर ती सहसा टाळली जातात. बुप्रोपियॉनच्या बाबतीतही तीच खबरदारी घेतात. व्हेन्लाफॅक्सीन किंवा एस्सिटॅलोप्रॅम यांचा या विकरावर फारच कमी परिणाम होतो, म्हणून ती अधिक पसंत केली जातात, आणि त्यांतल्या व्हेन्लाफॅक्सीनने अंगातून निघणाऱ्या वाफाही बऱ्याच स्त्रियांत कमी होतात. तुमच्या दोन तक्रारींना एकच औषध लागू पडण्याची शक्यता अशी आहे. तथापि ही नावे मी मेडिकलच्या दुकानात जाऊन मागण्यासाठी दिलेली नाहीत. मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना चालू औषधांची चिठ्ठी आणि कर्करोगाची फाइल न्या आणि ‘मी टॅमॉक्सिफेन घेते’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. पाळी गेल्यानंतर टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल घेणाऱ्या ज्या भगिनी हे वाचत असतील, त्यांना हा विकराचा प्रश्न येत नाही, पण डॉक्टरांना औषधे दाखवणे त्यांनीही टाळू नये.

ही औषधे लागू पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नयेत. त्यांची चटक लागत नाही. मात्र एकदम बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता असे त्रास होऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असतात. सवय लागण्याचा धोका अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांचा असतो, आणि नेमक्या त्याच आपल्याकडे शेजारणीच्या सांगण्यावरून सर्रास घेतल्या जातात. मन शांत करणारी म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि कॅप्सूलही कर्करोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय नकोत.

नैराश्य सौम्य असेल तर औषधाशिवाय केवळ समुपदेशनानेही पुष्कळ फरक पडतो. येथे समुपदेशन म्हणजे धीराच्या चार गोष्टी ऐकणे नव्हे. विचार आणि वागणूक यांवर पद्धतशीर काम करणारी मानसोपचाराची पद्धत असते, तिच्यात ठरावीक भेटी असतात आणि घरी करायचा अभ्यासही असतो. त्यातला एक भाग तुम्ही आजपासून करू शकता. मन लागेल तेव्हा काम करीन, असे नैराश्यात म्हटले तर ते कधीच लागत नाही; क्रम उलटा ठेवावा लागतो. इच्छा नसली तरी रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटे उजेडात चालणे, आठवड्यातून एकदा एका माणसाला भेटणे, एवढ्यापासून सुरुवात करा. नियमित चालण्याने कर्करोगानंतरचा थकवा कमी होतो, हे चांगले सिद्ध झालेले आहे, जरी थकलेल्या माणसाला ते खरे वाटत नाही. पहाटे जाग आली तर घड्याळ पाहत अंथरुणात तळमळत पडू नका. उठून बसा, मंद प्रकाशात काही वाचा, जप करत असाल तर करा, आणि झोप येऊ लागली की परत जा.

बोभाट्याची भीती मी हलकी मानत नाही, तालुक्याच्या गावात कोणाची गाडी कोणत्या दवाखान्यासमोर उभी होती हेही लोकांना ठाऊक असते. पण तुम्हांला गावातल्या दवाखान्यात जायचेच नाही. जेथे तुमचे उपचार झाले तेथेच, फॉलोअपच्या दिवशी, ‘मला मनाच्या डॉक्टरांना भेटायचे आहे’ असे सांगा. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत मानसोपचाराची व्यवस्था असते, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही ती आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकृतिशास्त्राचा स्वतंत्र विभाग असतो. लोकांना एवढेच दिसेल की तुम्ही तपासणीला गेलात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावे असेही त्यात म्हटले आहे, तेव्हा पॉलिसी असेल तर तिची कागदपत्रे पाहून ठेवा.

मिस्टर बाहेरच्या खोलीत झोपतात यावरून तुम्ही एक अर्थ काढलेला दिसतो, आणि तो पत्रात लिहिलेला नसला तरी मला वाचता आला. तो खरा असेलच असे नाही. केमोच्या दिवसांत संसर्ग होऊ नये, टाक्यांना धक्का लागू नये म्हणून वेगळे झोपणे सुरू होते आणि पुढे ‘आता परत या’ असे कोणी म्हणत नाही. आपण जवळ गेलो तर तिला वाटेल की माझ्या दुखण्याची यांना पर्वा नाही, असे पुरुषाला वाटत राहते. हे जवळ येत नाहीत म्हणजे माझे शरीर यांना नकोसे झाले, असे स्त्रीला वाटत राहते. ही कोंडी फुटायची तर कोणी तरी एक वाक्य बोलले पाहिजे. सारे एकदम सांगायची गरज नाही. ‘मला रात्री भीती वाटते, तुम्ही आत झोपत जा’ एवढे म्हणा. व्रण दाखवायचा की नाही, केव्हा दाखवायचा, हे तुम्ही ठरवा. त्याला मुदत नाही. शरीरसंबंधाच्या वेळी कोरडेपणामुळे दुखत असेल तर पाण्यावर आधारित वंगण जेली दुकानात मिळते. संप्रेरके असलेली मलमे मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वापरू नका. पाळी थांबलेली असली तरी टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भधारणा होऊन चालत नाही, त्यामुळे कोणती काळजी घ्यायची हेही त्यांनाच विचारा. संततिनियमनाच्या संप्रेरकयुक्त गोळ्या तुमच्यासाठी नाहीत.

हळदीकुंकवाला न जाण्याचे कारण तुम्ही लिहिले नाही. ब्लाउज एका बाजूला सपाट दिसतो म्हणून, की बायका विचारतात म्हणून? पहिले असेल तर सिलिकॉनचे कृत्रिम स्तन आणि ते बसवायला खिसा असलेल्या ब्रा मिळतात. महाग वाटल्या तर हलके कापडी पर्यायही असतात, आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात त्याची माहिती मिळते. योग्य वजनाचे कृत्रिम स्तन वापरल्याने खांदा एका बाजूला झुकत नाही, हा आणखी एक फायदा. पुनर्रचनेची शस्त्रक्रिया नंतरही करता येते. रेडिएशन झालेले असल्याने त्याबद्दल प्लास्टिक सर्जनशी नीट बोलावे लागेल. दुसरे कारण असेल, तर चौकशीला एक ठरीव उत्तर तयार ठेवा: ‘तब्येत ठीक आहे, त्या विषयावर आज नको.’ पुढच्या वेळी सगळीकडे जायचा संकल्प करू नका. जिच्या घरी तुम्हांला मोकळे वाटते अशा एकीकडे जा, दहा मिनिटे बसा, आणि नको वाटले तर उठून या. याच आजारातून गेलेल्या दुसऱ्या बाईशी बोलता आले तर फारच चांगले. कर्करोगातून बऱ्या झालेल्यांचे आधारगट मुंबई-पुण्यात आहेत आणि काही फोनवरूनही बोलतात. एखाद्या गटात चमत्कारी औषधांच्या गोष्टी चालत असतील, तर तो गट आपला नव्हे असे समजावे.

मुलीविषयी. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच थेट आनुवंशिक जनुकदोषाने होतात, म्हणजे बहुतांश घरांत तो आईकडून मुलीकडे त्या अर्थाने जात नाही. परंतु तुमचे निदान पन्नाशीच्या आत झालेले असल्याने तुमची स्वतःची जनुकीय तपासणी करावी का, हे कर्करोगतज्ज्ञांना विचारणे योग्य ठरेल. तपासणी आधी तुमची व्हावी, मुलीची नव्हे. तुमच्यात असा दोष सापडला नाही, तर तिची जनुकीय तपासणी करायचा प्रश्न सहसा उरत नाही, आणि सापडला तरी तो तिच्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते आणि पुढची आखणी समुपदेशकाच्या मदतीने सावकाश करता येते. एकोणिसाव्या वर्षी तिची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, करत बसू नका. त्या वयात या तपासणीचा उपयोग नाही. मुलीशी मात्र बोला. तुम्ही पहाटे जाग्या असता हे तिला बहुधा माहीत आहे, आणि कारण सांगितले नाही तर ती स्वतःच्या मनाने काही तरी कारण ठरवील. फॉलोअपची तारीख दूर असेल तर तिची वाट न पाहता या आठवड्यात रुग्णालयात फोन करून लवकरची वेळ मागा, आणि त्या दिवशी मिस्टरांबरोबर तिलाही यायचे असेल तर येऊ द्या.